जुन्या जिप्सीचं अ‍ॅव्हरेज आणि 34,000 रुपयांची ‘हायड्रोजन किट’

‘पाण्यावर अ‍ॅव्हरेज वाढवून देतो’ म्हणणारे कसे गंडवतात हे सगळ्यांना माहीत आहे. चुंबक, गोळ्या, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा डबा, हे प्रकार पाहून सगळेच हसतात. मीही हसायचो. एका ‘हायड्रोजन किट’वाल्याने माझ्या 1998 च्या जिप्सी किंगला जे केलं ते त्याच्या पुढचं होतं, म्हणून लिहितोय. कार्ब्युरेटरची गाडी असलेल्यांनी नीट वाचा, कारण हे लोक अशाच गाड्या शोधतात. त्यात ईसीयू (इंजिनचा संगणक) नाही, ऑक्सिजन सेन्सर नाही. काहीही बिघडवा, गाडी तक्रारीचा दिवा लावत नाही.

गाडी 1298 सीसीची, टाकी फुल ते टाकी फुल मोजून लिटरला 9.1 किलोमीटर. किटवाल्याने 25 टक्के वाढीची ‘लेखी गॅरंटी’ दिली, नाहीतर पैसे परत. किट 31,500, फिटिंग 2,500. त्यातले 10,000 यूपीआयने घेतले, 24,000 रोख मागितले. बिल म्हणजे कच्ची पावती, जीएसटी नंबर नाही. (रोख द्यायला सांगतो तिथेच उठा. पक्कं बिल देत नसेल तर माल कितीही सोन्याचा असो, नको.)

किटमध्ये असतं काय? स्टीलच्या प्लेटांचा डबा, पाण्यात कॉस्टिक पोटॅश, बॅटरीवरून 20 अँपिअर, आणि निघालेला गॅस नळीने इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत. हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. 12 व्होल्ट गुणिले 20 म्हणजे 240 वॅट. अल्टरनेटर ते द्यायला बेल्टवरून चारशेच्या वर खातो, आणि तेवढं बेल्टवर द्यायला इंजिन जाळतं दीड-पावणेदोन किलोवॅटचं पेट्रोल. बदल्यात मिळतो मिनिटाला लिटरभर गॅस, त्यात ऊर्जा फार तर 120 वॅटची. ताशी 60 च्या वेगाला हीच गाडी तासाला साडेसहा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे जवळजवळ 59 किलोवॅट. त्यात 120 वॅट! वाढ सोडा, बेल्टवरचा बोजाच जास्त. अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्था) अ‍ॅव्हरेज वाढवणारी असली शंभरावर उपकरणं तपासली आहेत, बहुतेकांतून काहीही निघालं नाही.

मग हा हिशेब येत असताना मी पैसे का दिले? कारण त्याने आकडे दाखवले. बसवल्यानंतर मीच पंपावर टाकी फुल केली, मीच चालवली, मीच पुन्हा भरली, आणि 11.4 निघालं. स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्यावर कोण संशय घेईल?

तर त्याने तीन गोष्टी केल्या होत्या, आणि गॅसचा त्या तिन्हींशी संबंध नाही.

पहिली, ‘फ्री सर्व्हिस’. नवे प्लग, नवा एअर फिल्टर, चारही टायरांत हवा. यानेच थोडा फरक पडतो, तो किटच्या नावावर जमा.

दुसरी, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बदलून बारीक टाकला आणि आयडलच्या मिश्रणाचा स्क्रूही आवळला. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पीयूसी केली तर कार्बन मोनॉक्साइड 2.6 वरून 0.4 टक्क्यांवर. तो कागद त्याने नाचवून दाखवला, ‘बघा साहेब, पूर्ण ज्वलन.’ या काळातल्या पेट्रोल गाडीला मर्यादा 3 टक्के असते, गाडी आधीही पासच होती. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ पडला म्हणजे पेट्रोल कमी येतंय, एवढाच त्याचा अर्थ. लीन इंजिन चढाला टकटक वाजतं, गिअर बदलून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळतं, आणि प्लग काढून पाहिला तर पोर्सेलीन तपकिरी न दिसता खडूसारखं पांढरं. पांढरा प्लग दिसला की गाडी चालवू नका. मी चालवली. तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बाकी तिघांच्या निम्मं. हेड उतरवणं, व्हॉल्व्ह, सीट, गॅस्केट मिळून 14,650 रुपये. एकूण 48,650. नुसत्या 34,000 रुपयांतही पुण्यात सव्वातीनशे लिटर पेट्रोल येतं.

तिसरी गोष्ट खरी हरामखोरी. ‘केबलला ग्रीस मारून देतो, फुकट’ म्हणत त्याने ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे वाटणारा डबा) स्पीडोमीटरची केबल काढली आणि आतलं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक, बदललं. मूळ पिनियनपेक्षा दाते कमी, म्हणजे केबल जास्त फिरणार, काटा पुढे जाणार, किलोमीटर फुगणार. वेगवेगळ्या मापाच्या टायरांसाठी अशी पिनियनं मिळतातच, त्याला काही नवीन बनवायलाही लागलं नाही. 17-18 टक्के जादा किलोमीटर. 11.4 चे खरे किलोमीटर काढले तर 9.7. त्यातलेही ते 0.6 प्लग, हवा आणि लीन जेटचे. हायड्रोजनचे शून्य.

आता ज्या क्षणाचा राग अजून जात नाही तो. नाशिक रस्त्यावर, मंचरच्या पुढे, काटा 80 वर आणि मोबाईलवरचा नकाशा 68 दाखवतोय. 12 चा फरक! त्याला फोन केला तर म्हणाला, ‘साहेब, मोबाईल मागे राहतो, जुन्या गाडीला मॅच होत नाही.’ आणि मी ऐकून घेतलं. माझी बाजू एवढीच की बहुतेक स्पीडोमीटर थोडं पुढेच दाखवतात, जिप्सीवाल्यांना त्याची सवय असते. पण 12? त्याच रस्त्यावर किलोमीटरचे दगड होते. काटा 60 वर धरून दोन दगडांमधलं अंतर घड्याळावर मोजायचं, 60 सेकंदांच्या आसपास यायला हवेत. मला नंतर 70 आले. हे आधी करायला पैसा लागत नव्हता.

गॅरंटीनुसार त्याने पैसे परत करायचा प्रश्नच नाही, कारण ‘तुमच्याच मीटरप्रमाणे’ 25 टक्के वाढ झाली.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस ठाण्यात, ‘तुम्ही स्वतः गाडी नेली, स्वतः पैसे दिले, ही दिवाणी बाब.’ फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318, हे मी सांगितल्यावर हवालदारसाहेबांनी आधी गाडीची कागदपत्रं मागितली! सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे लिंकवर गेले का? नाही, समोर बसून स्कॅन केले. मग ते सायबर नाही. वैधमापनच्या (वजनं-मापं तपासणारं खातं) कार्यालयात, रिक्षाचं मीटर असतं तर पाहिलं असतं, खाजगी गाडीचं आमच्याकडे येत नाही. आणि आरटीओ म्हणजे कळस. मी पिनियन आणि किट घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, विनापरवाना बदल केलाय, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 दंड होऊ शकतो. म्हणजे फसलो मी आणि दंडही मलाच. ज्याने बसवलं त्याच्याकडे कोण जाणार, यावर ‘तुम्ही पत्ता आणा’. पत्ता पावतीवरच होता. तिथे आता टायर पंक्चरचं दुकान आहे.

चालेल असा रस्ता एकच दिसतो: 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायचा. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. तिथे टिकतात ते पुरावे फक्त: यूपीआयची नोंद, कच्ची का असेना पावती, काढलेलं पिनियन, आधीचा मेन जेट (परत मागून घ्या, देत नसेल तर काम थांबवा), आणि दगडांवर मोजल्याचा व्हिडिओ.

जिप्सीचं अ‍ॅव्हरेज ज्यांना खरंच वाढवायचं आहे त्यांनी आधी थर्मोस्टॅट आहे का बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात मेकॅनिक तो काढून फेकतात, इंजिन वर्षभर थंड चालतं आणि पेट्रोल पितं. मग एकेक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, ब्रेक धरून राहिलेला चटकन कळतो. चोकची केबल पूर्ण परत येते का? डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून धरा, डायफ्राम फाटला असेल तर ओढ टिकत नाही, ठिणगीचं टायमिंग पुढे जात नाही. फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची, पातळी बघा. काम झालं की फोर-व्हील काढून 2एच (दोनच चाकांना ताकद) टाका. ताशी 45 ते 55 ला सगळ्यात कमी पेट्रोल लागतं, हे पीसीआरए (इंधन बचतीची सरकारी संस्था) कित्येक वर्षं सांगतेय.

टायर बदलले असतील तर मीटरवर आधीच विश्वास नको. 205/70 आर15 च्या जागी 235/75 आर15 टाकले की चाक जवळजवळ 10 टक्के मोठं होतं, मीटर किलोमीटर कमी दाखवतं, अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट वाटतं. असे हताश मालकच किटवाल्याच्या हाती लागतात.

कुणी बाटली टेस्ट करून दाखवत असेल, टाकीऐवजी लिटरची बाटली लावून, तर आधी कार्ब्युरेटरची फ्लोट चेंबर (आतला पेट्रोलचा साठा) रिकामी करायला सांगा. बहुतेक जण तिथेच गाशा गुंडाळतात. नाही गुंडाळला तर अंतर मोबाईलच्या जीपीएसवर मोजायचं, त्याच्या मीटरवर नाही. आणि गाडीखाली तो जाणार असेल तर तुम्हीही वाका, केबलला हात कशाला लावतोय ते बघा.