सामान्य पूर्वजाचा शोध: बडोद्याचे कागद काही महिने वापरल्यावर

घराणं बडोदे संस्थानातल्या सरदार-मानकऱ्यांचं असेल तर वंशावळ कुठेतरी लिहिलेली सापडते. पणजोबा साधे कारकून किंवा पागेतले स्वार असतील तर कागदच जोडत बसावं लागतं. त्यातला कुठला कागद किती कामाचा, एवढंच इथे.

पहिला नंबर शाळेच्या वयपत्रकाचा, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदीच्या रजिस्टराचा, आणि तो निर्विवाद. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेलं. त्यामुळे गरिबाघरची मुलंच नव्हे, मुलीही रजिस्टरात येतात, त्याही माहेरच्या नावाने. लग्नात नाव बदललं की पुढच्या कागदांत ती बाई ओळखूच येत नाही. पणजीचं मूळ नाव मिळायला याहून भरवशाची जागा नाही. एका ओळीत नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. १ जून दिसली की बहुधा ती मास्तरांनी बसवलेली. दाखल तारीख धरा. जन्मगाव नवसारी, पेटलाद किंवा कडी निघालं तर वडील तिथे बदलीवर असण्याचा संभव मोठा. मग थोरल्या भावंडांच्या नोंदी तिकडच्या शाळेत बघायच्या. अर्जात दाखल वर्षाचा अंदाज चार-पाच वर्षांच्या आत बसवा, नाहीतर रजिस्टरं कपाटातून खाली उतरत नाहीत.

दुसरा नंबर त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींचा. तिथे आडनाव आणि मूळ गाव विचारतात. ‘बडोदे’ सांगून काही हाती लागत नाही. गुजरातेत येण्याआधीचं, देशावरचं नाहीतर कोकणातलं गाव लागतं. ते कोणालाच आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना कुलदैवत विचारा, टापू बराच आवळतो. नोंदीत वडील, आजे, भाऊ, मुलं आणि पुष्कळदा खाली पूर्वजाची स्वतःची सही. फसगत होते ती ‘चि.’पाशी: पुतण्यालाही चि. लावत, म्हणून दोन वेगळ्या भेटींच्या नोंदी जुळल्याशिवाय मुलगा म्हणून लिहू नका. हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. खातं उघडून पानं चाळायची तयारी हवी.

बडोद्यातल्या कोठीजवळच्या अभिलेखागाराचा उपयोग नोकरदार पूर्वजासाठी. दप्तर खात्याप्रमाणे लावलेलं असतं, माणसाच्या नावाने नाही. म्हणून आधी संस्थानच्या राजपत्रात, म्हणजे ‘आज्ञापत्रिके’त, नेमणूक किंवा बदली शोधा, खातं आणि साल कळलं की फाइल मागता येते. नुसत्या आडनावावर गेलात तर दिवस फुकट.

जुने मराठी कागद मोडीत. आधी आडवी रेघ ओढून खाली सलग लिहायची पद्धत, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नवख्याने नावं वाचण्याआधी तारीख फोडावी. ‘छ’पुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना येतो, साल अरबी शब्दांत, एकंपासून वर: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, म्हणजेच ११६१. हा शुहूर सन. इसवी साल काढायला त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत ६००, उत्तर १७६०-६१. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. गुजराती कागदांतला विक्रम संवत कार्तिकात बदलतो, चैत्रात नव्हे. तो चैत्री धरला तर चैत्र ते आश्विन या महिन्यांत पुरं एक वर्ष चुकतं, आणि मग मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला निघतो.

गुजराती कागदांत आडनाव गाळून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असणं नेहमीचं. अशा वेळी नाव, वडिलांचं नाव आणि पेठ किंवा गाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस एक धरा. बडोद्याच्या दांडिया बाजारात एकाच वेळी चार ‘गणपत बिन विठोबा’ असायला काहीच हरकत नव्हती. फोटो काढताना ओळीबरोबर रजिस्टरचा क्रमांक आणि रकान्यांची मथळ्याची पट्टीही चौकटीत घ्या. घरी आल्यावर कुठली तारीख कशाची, हे त्या पट्टीशिवाय सांगता येत नाही.