कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गॅलरीत बसून मॅच बघितली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काय फुटबॉलमधला जाणकार नाही. वर्ल्ड कप आला की चार रात्री जागायचं आणि मग पुढची चार वर्षं ऑफसाइड म्हणजे काय ते विसरून जायचं, एवढाच आपला फुटबॉल. पण सासरवाडी पडली शिवाजी पेठेतली, आणि लग्नाला सहा वर्षं होऊन अजून जावयानं शाहू स्टेडियमवर एक मॅच बघितली नाही हे मेहुण्याला इतकं लागलं होतं की यावेळी पिशव्या खाली ठेवायच्या आत म्हणाला, "दाजी, उद्या चारला मॅच हाय, जेवण हलकंच घ्या."

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

तिकिटाचं म्हणाल तर मिसळीच्या एका प्लेटपेक्षा कमी पैशात आत गेलो. पुण्यात तेवढ्यात मल्टिप्लेक्सचा पॉपकॉर्न सोडा, त्याचा नुसता वासही मिळत नाही. सीझन साधारण हिवाळ्यात चालू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग असते सोळा संघांची, आणि मग सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक, महापौर चषक असे वेगवेगळे चषक. त्यामुळे उन्हाळ्यात कधीही कोल्हापूरला गेलात तर कुठली ना कुठली मॅच सापडायची शक्यता बरीच आहे. टोपी मात्र न्या. मी नेली नव्हती, संध्याकाळी कपाळ भाजलेल्या वांग्यासारखं झालेलं.

पण मॅचच्या आधी सकाळी जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ज्याला कुणाला जायचं असेल त्यानं हे आधी करावं असा माझा फुकटचा सल्ला. मेहुणा मला मंडळात घेऊन गेला. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पाहुण्यारावळ्यांत दुसऱ्या पेठेचीही माणसं आहेत आणि मला दिवाळीला पुन्हा जायचंय. चौकात एक बसका हॉल, दारावर शटर, आत समोर शिवाजी महाराजांचा फोटो, त्याला ताजा हार. खाली काचेच्या कपाटात शिल्ड आणि कप, काहींचा पत्रा काळा पडलेला. डाव्या भिंतीला खिळ्यावर जाळीत सात-आठ फुटबॉल लटकवलेले, त्याच्या शेजारच्या खिळ्यावर लेझीम, आणि कोपऱ्यात गेल्या गणपतीच्या डेकोरेशनचा थर्माकोलचा खांब, त्यावर कुणीतरी बूट वाळत घातलेले. मी दोन मिनिटं नुसता त्या खांबाकडं बघत बसलो. एकाच खोलीत गणपती, शिवजयंती आणि सेंटर फॉरवर्डचे बूट! आपल्याकडं क्लब म्हटलं की मेंबरशिप, फी, स्विमिंग पूल असलं डोळ्यापुढं येतं, इथं क्लब म्हणजे गल्लीतली पोरं संध्याकाळी जिथं टेकतात ती जागा.

कपाटाजवळ सत्तरीचे एक काका बसलेले, एकेकाळी गोलकीपर होते, उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी. मी विचारलं, "काका, कुस्तीच्या गावात हे फुटबॉल कुठनं आलं?" तर म्हणाले, "पाव्हणं, संघांची नावं वाचा की नुसती, सगळं त्यातच हाय." आणि खरंच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम म्हणजे मुळात लाल मातीचा आखाडा, जोर-बैठका काढायची जागा. शाहू महाराजांनी कुस्तीला काय दिलं ते खासबाग मैदानात उभं राहिलं की कळतं, १९१२ सालचं ते मैदान आहे. पेठेपेठेत तालमी, आणि तालीम नुसती कुस्तीची कधीच नव्हती, तिथंच मर्दानी खेळ, तिथंच गणपती, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा बसतात, आणि ज्या वर्षी दोन्ही सण एकत्र येतात त्या वर्षी गणपती आणि पीर एकाच छताखाली. फुटबॉल आला, त्याला राजघराण्याचा आश्रय मिळाला आणि तालमीतल्याच पोरांनी तो उचलला. मग शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, म्हणजे नावातच तरुण मंडळ! उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम हे तर माझं सगळ्यात आवडतं नाव, युरोपातल्या कुठल्याही क्लबानं एवढं जोरदार नाव घेऊन दाखवावं. आणि या सगळ्यांत एक प्रॅक्टिस क्लब, त्याचं नाव ऐकून मला वाटलेलं की हे अजून प्रॅक्टिसच करतायत. हे मेहुण्याला बोललो आणि तो हसला नाही.

हे आधी माहीत असलं की मग गॅलरीत काय चाललंय ते कळतं. नाहीतर नुसतीच आरडाओरड.

आता मॅच. चारच्या आधी पोचलो, पायऱ्यांवर वर्तमानपत्र टाकून बसलो, कारण पायरी तापलेली. आणि इथं पहिला घोळ. अंगात होता तो टीशर्ट नेमका समोरच्या संघाच्या रंगाचा. मेहुण्याच्या लक्षात आलं तोवर आम्ही मधोमध बसलेलो, मागनं एक आवाज आला, "भावा, पत्ता चुकलास काय?" सगळी रांग हसली, कुणीतरी आपला टॉवेल दिला, तो गळ्यात गुंडाळून मी पुढचा दीड तास घामानं निथळत बसलो. त्यामुळं रंग विचारून मग कपडे घाला, ही सूचना गंभीरपणे घ्या.

खेळाचा दर्जा? मला वाटतं तिथं थोडं प्रामाणिक राहावं. पास कमी आणि उंच मारलेले बॉल जास्त, पहिली पंधरा मिनिटं बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होता. पण पळतात काय! थ्रो-इन घ्यायला जो पोरगा आमच्यासमोर आला त्याच्या नडगीवरचा पॅड फाटून खाकी चिकटपट्टीनं बांधलेला, मधल्या बोटाला लग्नाची नाहीतर कसली तरी अंगठी, तिच्यावरही पट्टी, आणि बॉल डोक्यावर घेईपर्यंत वरनं पाच जणांनी त्याला नावानं हाक मारून पाच वेगवेगळ्या ठिकाणी टाकायला सांगितलं. त्यानं एकदा वर बघून "गप बसा की" म्हटलं आणि सहाव्याच ठिकाणी टाकला. टीव्हीवर हे कुठलं दिसायला.

अलीकडं बाहेरचेही खेळाडू येतात, आफ्रिकेतले पण येऊन खेळून गेलेत, आणि सीझनच्या आधी खेळाडूंची नोंदणी असते तेव्हा कोण कुठल्या संघातनं कुठं गेला याच्या बातम्या चहाच्या गाड्यावर निवडणुकीसारख्या चालतात. काकांना हे फारसं पटत नाही. त्यांचं म्हणणं, पेठेतलाच पोरगा पेठेसाठी खेळला पाहिजे. मेहुण्याचं म्हणणं, मग हरायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर मी काकांच्या बाजूचा, पण मी जावई, त्यामुळं तिथं बोललो नाही.

अर्धा मार्क कापला तो गॅलरीतल्या तोंडांसाठी. शिव्या. म्हणजे कोल्हापुरी शिवीत एक गोडवा असतो वगैरे ठीक आहे, पण शेजारी आठ वर्षांची पोरं बसलेली असताना रेफ्रीच्या तीन पिढ्या काढायची गरज नसते. राडा होऊन मॅचेस थांबल्याचंही या गावानं बघितलंय, आणि बंदोबस्ताला पोलीस असतात ते उगाच नाही. आमच्या मॅचला तसं काही झालं नाही, एकदा दोन्ही बाजूची पोरं उठून उभी राहिली, शिट्ट्या झाल्या, बसली. पण पहिल्यांदा लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर दोन मोठ्या पेठांची मॅच टाळा, मधल्या संघांची बघा.

आणि ती आठ वर्षांची पोरं, ती मॅच बघत नव्हती, गॅलरीच्या मागं रिकाम्या बाटलीनं खेळत होती. एकाला विचारलं, तू कोण? मला वाटलं मेस्सी म्हणेल, कारण वर्ल्ड कपात याच चौकांतून मेस्सी-नेमारचे बिल्डिंगएवढे फ्लेक्स लागतात. तर म्हणाला, "अनिकेत." अनिकेत जाधव, कोल्हापूरचा, रिक्षावाल्याचा मुलगा, २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला तेव्हा आपल्या टीममध्ये होता. मला हे नाव मेहुण्याला विचारावं लागलं, जरा लाज वाटली.

मॅच एक-एक अशी सुटली. शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या लेफ्ट विंगरपुढं गोल उघडा, कीपर पडलेला, आणि पठ्ठ्यानं बारवरनं मारला. अख्ख्या गॅलरीनं एकदम डोक्याला हात लावला, त्याचाही आवाज होतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सासरच्या दारात दुधाची किटली वाजली. मी दात घासत बाहेर आलो तर तोच, लेफ्ट विंगर, गुडघ्याला पट्टी, माप हातात. सासूबाई पातेलं पुढं करत म्हणाल्या, "काय रं, काल गोल समोर हुता की."

"मावशी, बॉल उसळला."

"बॉल उसळला म्हनं. एक माप जास्त घाल, जावई आल्यात."