शेवटच्या फेरीची घाई : प्रवेश-सल्लागाराकडून झालेली फसवणूक

पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझे गुण फार घसरले आणि नंतर ते सावरले तरी एकूण सरासरी कमीच राहिली. नोकरीला दोन वर्षे झाली तेव्हा एमबीएसाठी आताच अर्ज करावा की थांबावे, हे विचारायला मी एका प्रवेश-सल्लागाराकडे गेलो आणि फसलो. गुणपत्रिकेची धास्ती घेऊन असाच सल्ला शोधणाऱ्यांनी सावध व्हावे, म्हणून हे लिहीत आहे.

माझी गुणपत्रिका पाहून त्यांनी सांगितले की, अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्या दोन फेऱ्या होऊन गेल्या असल्या तरी शेवटची फेरी माझ्यासाठीच आहे. त्या फेरीत उरलेल्या जागा भरायच्या असल्याने गुणांकडे कोणी बारकाईने पाहत नाही, शिवाय मी जिथे अर्ज करणार होतो त्या संस्थेच्या प्रवेश समितीत त्यांची ओळख आहे. पुढच्या वर्षी स्पर्धा वाढेल, असे बजावून त्यांनी त्याच दिवशी संपूर्ण शुल्क मागितले आणि प्रवेश न मिळाल्यास ते परत करण्याचे लेखी आश्वासनही दिले. मी पैसे भरले.

वस्तुस्थिती नेमकी उलट होती. परदेशातील बऱ्याच संस्थांत पूर्णवेळ एमबीएच्या बहुतेक जागा, आणि शिष्यवृत्तीचा मोठा वाटाही, साधारणपणे सप्टेंबर ते जानेवारी या काळातल्या पहिल्या दोन फेऱ्यांतच संपतात. शेवटच्या फेरीत मोजक्या जागा उरतात आणि तिथे कमी गुणांचा अर्ज सर्वांत आधी बाजूला पडतो. जुनी गुणपत्रिका बदलता येत नाही, परंतु तिच्या शेजारी नवा पुरावा ठेवता येतो आणि त्या पुराव्याला वेळ लागतो. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचे गुण ५ वर्षे ग्राह्य असतात आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचे अंतर ठेवावेच लागते, म्हणजे गणिताच्या भागात चांगली झेप घ्यायची तर काही महिने हाताशी हवेत. संख्याशास्त्र किंवा लेखाशास्त्राचा गुणांकन असलेला अभ्यासक्रम पूर्ण करणे, कामात वरची जबाबदारी मिळवणे, हेही घाईने होत नाही. मोठ्या संस्थांतील विद्यार्थ्यांचा सरासरी कार्यानुभव ५ वर्षांच्या आसपास असतो. माझ्यासाठी थांबणे हाच योग्य निर्णय होता, पण मी थांबलो असतो तर त्यांना त्या दिवशी शुल्क मिळाले नसते.

सर्वांत मोठा घात शिफारसपत्राने केला. माझ्या वरिष्ठांचे नाव आणि हुद्दा त्यांनी मागून घेतला आणि 'बाकीचे आम्ही पाहतो' असे सांगितले. वास्तविक शिफारस करणाऱ्याला संस्थेकडून स्वतंत्र दुवा जातो आणि पत्र त्यानेच लिहून पाठवायचे असते. हे मला ठाऊक होते, तरीही मी आणखी काही विचारले नाही, ही माझी चूक होती. त्यांनी माझ्या वरिष्ठांच्या नावाने खोटा ईमेल पत्ता उघडून पत्र स्वतःच लिहिले. निबंधांतही दुसऱ्या कोणाच्या अर्जातले परिच्छेद घातले होते, हे मला फार उशिरा कळले. निबंधातला मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का, याची तपासणी संस्था फार पूर्वीपासून करतात. कॅलिफोर्नियातील यूसीएलएच्या अँडरसन बिझनेस स्कूलने २०१२ मध्येच उचलेगिरीमुळे सुमारे ५० अर्ज फेटाळले होते.

संस्थेने पडताळणीसाठी माझ्या वरिष्ठांच्या कार्यालयीन पत्त्यावर विचारणा केली. त्यांनी मला बोलावून ते पत्र समोर ठेवले आणि 'हे मी लिहिलेले नाही, तुम्हाला माहीत होते का?' एवढेच विचारले. ज्या माणसाने मागितले असते तर मनापासून चांगले पत्र दिले असते, त्याच्यासमोर मान खाली घालून उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली.

अर्ज रद्द झाला. शुल्क परत मागितले तेव्हा सल्लागाराने कराराचे एक कलम दाखवले : अर्जदाराने दिलेल्या माहितीतील दोषामुळे अर्ज रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही. करारावर माझी सही होती आणि पत्र त्यांनी लिहिल्याचा एकही लेखी पुरावा माझ्याजवळ नव्हता, कारण तशा सर्व सूचना त्यांनी फोनवरच दिल्या होत्या. सल्लागार नेमायचाच असेल तर शुल्क टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक सूचना लेखी मागा आणि 'मी एक वर्ष थांबलो तर माझ्या अर्जात काय सुधारेल?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. प्रामाणिक माणूस त्याचे सविस्तर उत्तर देतो. मला तिथे फक्त शेवटच्या तारखेची आठवण करून देण्यात आली होती.

आता मी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करत आहे आणि पुढील वर्षी पहिल्या फेरीत अर्ज करणार आहे. त्या संस्थेच्या अर्जात 'यापूर्वी येथे अर्ज केला होता का?' असा रकाना आहे आणि तिथे मला 'होय' लिहून त्यापुढे हे सर्व सांगावे लागणार आहे.