मुहूर्त नसलेल्या रविवारी मंगल कार्यालयात नेपोलियन: हॉल कसा वाटला

आधीच सांगतो, हॉलचं नाव टाकत नाही. तक्रारी आहेत, पण मॅनेजर काका माणूस चांगला, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. फोंड्याच्या आसपासचं एक मंगल कार्यालय समजा, खाली पार्किंग, वर हॉल, मागे स्वयंपाकघर, स्टेजवर वधूवरांच्या लाल मखमलीच्या खुर्च्या, आपण सगळे ज्यात दरवर्षी चार-पाच वेळा जेवून येतो तसंच.

आम्हाला ते कशाला हवं होतं? तर आम्ही १४ जण, पणजी, म्हापसा, सावंतवाडी, दोघे बेळगावचे, एक कोल्हापूरचा, आणि टेबलावरच्या युद्धखेळाचे १५ मिलिमीटरचे दीड हजारभर रंगवलेले सैनिक. नेपोलियनची जून १८१५ ची बेल्जियममधली मोहीम एका दिवसात खेळायची होती. एवढ्या लोकांना कोणाच्या घरचा हॉल पुरत नाही (माझ्या बायकोने मागच्या वेळचं डायनिंग टेबल अजून विसरलेलं नाही) आणि हॉटेलवाले कॉन्फरन्स रूमचे जे रेट सांगतात त्यात अजून एक रेजिमेंट घोडदळ येईल. चातुर्मास लागला की कार्यालयं रिकामी पडतात, म्हणून जुलैमधला रविवार पकडला, नऊ हजार भाडं, पाच हजार डिपॉझिट. बुकिंगच्या वेळी काकांनी विचारलं, "लग्न कोणाचें?" मी म्हटलं लग्न नाही, खेळ आहे. डबा उघडून एक फ्रेंच बटालियन दाखवली तर चष्मा वर करून म्हणाले, "हें कितें रे बाब, भुरग्यांचीं खेळणीं?" पण एक सैनिक हातात घेऊन बराच वेळ बघत होते, त्याचे कोटाचे पांढरे पट्टे आणि टोपीवरचा तुरा, आणि मग म्हणाले हे रंगवायला डोळे लागतात. लागतात काका, आणि दोन पावसाळे.

आता हॉलचं. अशा दिवसासाठी हॉल बघताना लोक चौरस फूट बघतात, मीही तेच बघत होतो, पण खरं बघायचं असतं ते म्हणजे बाजूच्या खोल्या. आमच्या खेळात नेपोलियन आणि मित्रसैन्याचे सरसेनापती टेबलाजवळ येऊच शकत नाहीत, त्यांनी नकाशा घेऊन वेगळ्या खोलीत बसायचं, चिठ्ठीवर हुकूम लिहायचा, पंच तो अंतर मोजून उशिराने सोडणार, घोडेस्वार ताशी आठ किलोमीटर धरून. ही पद्धत काही आमची नाही, १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने असाच नकाशावरचा युद्धखेळ तिथल्या सैन्याच्या गळी उतरवला आणि तेव्हाचा त्यांचा चीफ ऑफ स्टाफ म्युफ्लिंग त्यावर खूश झाला. हाच म्युफ्लिंग १८१५ मध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून होता, म्हणजे उशिरा पोचलेल्या चिठ्ठ्यांचा अनुभव त्याला पुरेपूर.

तर मंगल कार्यालयात काय असतं? वधूपक्षाची खोली आणि वरपक्षाची खोली! हॉलच्या दोन टोकांना, प्रत्येकीला स्वतंत्र दार, आरसा, बाथरूम. फ्रेंच गेले वरपक्षात, वेलिंग्टन आणि प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर वधूपक्षात. दार लोटलं की टेबलावर काय चाललंय ते ऐकू येतं पण दिसत नाही, आणि नेमकं हेच हवं असतं, तोफांचा आवाज ऐकून अंदाज बांधत बसायचं. आणि स्टेज! पंच म्हणून मी वरच्या मखमली खुर्चीत बसलो तर तिन्ही टेबलं (लिन्यी, कात्र ब्रा आणि वॉटर्लू, मोहिमेतल्या तीन लढाया) एका नजरेत, ही सोय मी कुठल्याच क्लबमध्ये बघितलेली नाही. फक्त फोटोत आपण नवरदेव दिसतो.

टेबलांचं मात्र काही खरं नाही. जेवणाची फोल्डिंग टेबलं, दोन फूट रुंद, तीन शेजारी लावली की सहा फूट होतात आणि सहाच हवेत, कारण माणसाचा हात एका बाजूने तीन फुटांपलीकडे पोचत नाही, त्याहून रुंद केलं की कोणीतरी पोटावर झोपून तोफ हलवतो आणि शर्टाच्या बटणात दोन घोडेस्वार अडकून येतात. पण चोवीस टेबलं सांगितली होती, हातात आली एकोणीस, आणि त्यातली काही अर्धा इंच उंच. लिन्यीचा ओढा बरोबर त्या जोडावर आला, म्हणजे आमच्या ओढ्याला धबधबा. पायांखाली पुठ्ठे घालून निभावलं. खुर्च्या म्हणाल तर तीनशे, हव्या तेवढ्या घ्या, सगळे डबे आम्ही खुर्च्यांवरच मांडले.

दुसरी गोष्ट पंखे. वर सोळा पंखे आणि सगळे एकाच बटणावर. लावले की तोफांचा धूर म्हणून ठेवलेला कापूस उडून कात्र ब्राच्या चौकातून थेट वॉटर्लूला, बंद केले की जुलैतला दमट घाम, चिठ्ठीवर पेन उठेना. शेवटी पंखे बंद आणि चार स्टँडचे पंखे जमिनीकडे तोंड करून. ते मात्र काकांनी विचारायच्या आत आणून दिले, पैसे घेतले नाहीत.

दुपारी सव्वाबाराला लाइट गेले. जनरेटर आहे म्हणून सांगितलं होतं, आहे, पण तो जोडलाय फक्त स्टेजला आणि स्वयंपाकघराला. म्हणजे हॉल अंधारात आणि मी एकटा मखमली खुर्चीत फोकसखाली. वीस मिनिटं मोबाइलच्या टॉर्चवर ब्ल्यूखरच्या तोफा मोजल्या. बुकिंग करणाऱ्यांनी हे आधी तपासा, "जनरेटर आहे का" एवढं विचारून भागत नाही, कशाकशाला आहे ते विचारा.

जेवण देवस्थानच्या नियमाने शुद्ध शाकाहारी. सकाळी पातळभाजी-पाव आणि मिरची, दुपारी भात, मुगागाठी, खतखतें, सोलकढी. माणशी दोनशे चाळीस, मला तरी आवडलं, खतखत्यात तिरफळ नीट पडलं होतं. कोल्हापूरकर मात्र गोव्यात येऊन रविवारी नुस्तें (मासे) नाही म्हणून दिवसभर तोंड पाडून होता, त्याला वेलिंग्टन केला होता, त्यामुळे ते शोभलंही. येता-जाता असईच्या लढाईचं नाव काढत होता, २३ सप्टेंबर १८०३, याच माणसाने आपल्या शिंदे-भोसल्यांना हरवलं आणि आम्ही त्याच्याच बाजूने खेळायचं वगैरे. मी त्याला म्हटलं दोनापावलाला ब्रिटिशांची जुनी दफनभूमी आहे ती बघून ये, फ्रेंच येतील या भीतीने त्या काळात इंग्रजांची पलटण गोव्यात येऊन बसली होती, ते लोक तिथेच पुरलेत. तो म्हणाला आधी नुस्तें.

आता दिवसातला सगळ्यात भारी प्रसंग, त्यातही हात कॅटरिंगचाच. १६ जूनला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, लिन्यीला नेपोलियन आणि ब्ल्यूखर, कात्र ब्राला फ्रेंच मार्शल नेय आणि वेलिंग्टन, मध्ये आठ-दहा किलोमीटर, आणि फ्रेंच जनरल देरलाँ आपली वीस हजार माणसं घेऊन दिवसभर या दोन लढायांच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहिला, एकाने बोलावलं, दुसऱ्याने परत बोलावलं, गोळी जवळपास झाडलीच नाही. आमच्या नेपोलियनने हे वाचलेलं, म्हणून त्याने सकाळीच चिठ्ठी लिहिली, देरलाँने सरळ लिन्यीला यावं. चिठ्ठी नेणारा माझा भाचा, वय बारा. वाटेत त्याला चहाचा ट्रे दिसला, चिठ्ठी ट्रेवर ठेवून त्याने बिस्किट उचललं, आणि ट्रे गेला स्वयंपाकघरात. चाळीस मिनिटांनी वाढणारा मुलगा ती घेऊन स्टेजवर आला, कपाचा गोल तपकिरी डाग बरोबर "लिन्यी" या शब्दावर, वाचता येतंय ते फक्त "सरळ यावं". कुठे यावं? मी पंच म्हणून जशी आहे तशी पुढे दिली. देरलाँ झालेला म्हापशाचा मित्र ती उजेडात धरून पाच मिनिटं बघत बसला आणि कात्र ब्राला निघाला. तोवर नेपोलियनची दुसरी चिठ्ठी, मग नेयची तिसरी. संध्याकाळपर्यंत त्याच्या एकाही सैनिकाने फासा टाकला नाही! नेपोलियन वरपक्षाच्या खोलीतून ओरडत बाहेर आला तर वाढपी त्याला म्हणतो, जेवण झालं का साहेब.

वॉटर्लूपर्यंत आम्ही पोचलोच नाही, ते तिसरं टेबल हिरवं कापड घालून दिवसभर तसंच, त्यावर छत्र्या आणि हेल्मेट. प्रशियन अंधारात सटकले, फ्रेंचांना पाठलाग करायला वेळ उरला नाही.

वेळ उरला नाही याचं कारणही हॉलच. सातला बंद म्हणजे सातला बंद, वॉचमन पावणेसातलाच एकेक लाइट मालवायला लागतो. दीड हजार सैनिक डब्यात भरायला एक तास लागतो, तो धरून साडेपाचलाच खेळ थांबवायला हवा होता, ती माझी चूक. पण वरच्या अर्ध्या तासाचे पंधराशे लागतील हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि भिंतीवर नकाशा चिकटवलेल्या टेपचे पाचशे डिपॉझिटमधून कापले. लग्नात अख्खी भिंत फुलांनी खिळवतात ते चालतं. यावर काका नुसते हसले.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या दोन खोल्यांसाठी जास्तीचा दिलाय.

पावती घेताना रजिस्टर बघितलं. "कार्य" या रकान्यात वरच्या ओळीत मुंज, खालच्या ओळीत बारसं, आणि मध्ये काकांच्या वळणदार अक्षरात "नेपोलियन, माणसें १४". लाइपझिगसाठी ऑक्टोबरची तारीख विचारून ठेवलीय, ती लढाई चार दिवस चालली होती म्हटल्यावर काकांनी पहिल्यांदा भाव कमी करायची भाषा काढली. फासे फेकायचे तर पंख्याचं बटण वेगळं करून द्या एवढी अट घातलीय, बघू.