एका ठोकळ्यातून तीन वाडगे: कोरिंग संच आठ महिने वापरल्यावर

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडगा कातताना सगळ्यात जास्त लाकूड आतून जातं. जमिनीवर ढलप्यांचा ढीग साचतो आणि त्या ढिगात खरं तर आणखी दोन वाडगे असतात. ही हळहळ मला पहिल्या वाडग्यापासून होती, म्हणून आठ महिन्यांपूर्वी कोरिंगचा, म्हणजे आतलं लाकूड ढलप्या न करता अखंड गाभा म्हणून कापून काढायचा, संच घेतला. तीन वक्र पाती, लेथच्या बेडवर, म्हणजे आडव्या बैठकीवर, बसणारा खांब आणि पात्याला खालून आधार देत पुढे सरकणारा हात, असं त्याचं रूप. आतापर्यंत तीसेक ठोकळे कोरून झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

बाजारात प्रामुख्याने दोन जाती दिसतात. एकीत पातं हातानेच पुढे ढकलायचं, त्याला फक्त दोन खुंट्यांमधून वाट दिलेली असते. मॅक्नॉटन त्या जातीचा. दुसरीत पातं एका खिळीभोवती ठरावीक कमानीतच फिरतं. वनवे आणि वूडकट यांचे संच असे असतात. पहिल्यात आकाराची मोकळीक जास्त, पण हात बसायला वेळ लागतो. मी दुसऱ्या जातीतला घेतला आणि नवशिक्यासाठी तेच बरं, असं आजही वाटतं. पात्याला भरकटायला जागाच नसते.

पण ठरावीक कमान म्हणजे काय, हे मला उशिरा उमगलं. पातं गोलाचाच तुकडा कापतं, दुसरं काही नाही. ठोकळ्याचा बाहेरचा आकार त्या गोलाला धरून नसेल, तर भिंत एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ निघते. दुसऱ्याच आठवड्यात मी घंटेसारखा, खाली आत घेतलेला ठोकळा लावला आणि खोली जास्त मिळावी म्हणून खीळ पुढे सरकवली. कापताना आवाज किंचित पोकळ झाला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. लेथ थांबवून पाहतो तर बाजूला, मध्यावर, चंद्रकोरीसारखी फट पडलेली आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतोय. इतकं सुंदर रेषांचं लाकूड होतं ते. त्या दिवसापासून बाहेरचा आकार पात्याच्या कमानीवरून ठरवतो. पुठ्ठ्याची कमान कापून ठेवली आहे, ती ठोकळ्याला लावून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

संचासोबतचं माहितीपत्रक याबाबत फारच तोकडं होतं. खांब कसा बसवायचा त्याची चित्रं होती, पण खीळ कुठे ठेवली की किती खोली आणि किती रुंदी मिळते, याचा हिशेब नव्हता. तो मी कंपास घेऊन कागदावर पूर्ण मापात काढून शिकलो. समजा ठोकळा 280 मिमी व्यासाचा आणि टेनन (लेथच्या चकने, म्हणजे जबड्यांच्या पकडीने, धरायचा बुडाचा गोल उंचवटा) सोडून 110 मिमी उंच आहे. पात्याची कमान 120 मिमी त्रिज्येची. खीळ अक्षावर, ठोकळ्याच्या तोंडापासून 40 मिमी बाहेर ठेवली, तर काप 80 मिमी खोल जातो आणि तोंडाशी 226 मिमी व्यासाचा येतो. भिंत 27 मिमी राहते, बूड 30. ओल्या लाकडात व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवायची असा कातकामातला जुना ठोकताळा आहे, त्यात हे नेमकं बसतं. पात्याचा काप 9 मिमी धरला तर सुटून येणारा गाभा तोंडाशी 207 मिमीच्या आसपास, पण उंचीला फक्त 71. त्या 71 मध्येच त्याची टेनन, त्याचं बूड आणि त्याच्या पोटातला तिसरा वाडगा काढायचा. कागदावर हे रेखाटलं की किती हाव धरायची ते आपोआप कळतं. मशीन सुरू करण्याआधीची ही पंधरा मिनिटं मी कधीच वाचवत नाही.

टेननच्या बाबतीत मात्र सुरुवातीला हात आखडता घेतला, ती चूक झाली. नेहमीच्या वाडग्याला चालते तेवढी टेनन इथे पुरत नाही, कारण पातं खोल गेल्यावर चकवर पडणारा ताण कित्येक पटींनी वाढतो. आता व्यासाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत रुंद टेनन ठेवतो, तिचा खांदा चकच्या जबड्यावर घट्ट टेकला आहे ना ते बोट फिरवून बघतो, आणि थोडं कापून झालं की चक पुन्हा आवळतो. ओलं लाकूड दाबाखाली चेपतं, त्यामुळे पकड सैल पडतेच.

प्रत्यक्ष कापण्याची गोष्ट वेगळी आहे. बेल्ट कमी वेगाच्या पुलीवर, मिनिटाला 500 ते 600 फेरे. पात्याचं टोक बरोबर अक्षाच्या उंचीवर. खाली राहिलं तर पातं ओढलं जातं, आणि दाबाखाली ते किंचित झुकतंच, म्हणून मी केसभर वर ठेवतो. सुरुवातीला ओल्या लाकडाची लांब, दोऱ्यासारखी ढलपी सळसळत बाहेर येते. बोटभर आत गेलं की सळसळ थांबते आणि घुसमटल्यासारखा जड आवाज सुरू होतो. याचा अर्थ ढलप्या पात्याच्या मागे खाचेत कोंबल्या गेल्यात. इथेच थांबून पातं बाहेर घ्यायचं. रेटलं तर खाच तापते, लाकूड फुगतं, पातं चिमटीत सापडतं आणि बेल्ट घसरतो. मी दर 10 ते 15 मिमीला पातं पूर्ण मागे घेतो. वेळ लागतो, पण अडकलेलं पातं सोडवायला त्याच्या दसपट लागतो. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवीच आणि ठोकळ्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. चार किलोचं ओलं लाकूड चकमधून सुटलं तर हाताने थांबत नाही.

शेवट गाठायचा मात्र नाही. मध्ये 25 मिमीच्या आसपास खुंट राहिला की लेथ बंद करतो, खाचेत लाकडी पाचर सरकवतो आणि हलकेच दाबतो. कट्ट असा कोरडा आवाज येतो आणि गाभा हातात येतो, अजून गारेगार, ओल्या लाकडाच्या वासाचा. पहिल्यांदा तो असा तळहातावर आला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता फिरवून बघत बसलो होतो. खुंट इतक्या सहज तुटतो कारण वाडग्याच्या ठोकळ्यात तंतू अक्षाला आडवे असतात आणि आडव्या तंतूंना ओढ सोसत नाही. तंतू उभे असतील अशा ठोकळ्यात ही युक्ती चालत नाही, तिथे शेवटपर्यंत कापावं लागतं. खुंट जाड ठेवला तर तुटताना मोठ्या वाडग्याच्या बुडातून खपली निघते, म्हणून बूड थोडं जाडच ठेवावं.

आधी मोठा गाभा काढायचा की लहान? शिकताना मोठ्यापासून सुरुवात करा. दर खेपेला भिंत मोजता येते आणि चूक पुढच्या वाडग्यात जात नाही. तिसऱ्या महिन्यापासून मी उलट करतो, लहान आधी, कारण सगळे काप एकाच पकडीत होतात. त्यासाठी कागदावरचा आराखडा पक्का लागतो. दोन्हीत सुटलेल्या गाभ्याला टेनन नसतेच. त्याचं तोंड सपाट चकतीवर टेकवून, टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने) बुडाकडून दाबून, ती नंतर काततो.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती. सुटणारे वाडगे ठोकळ्याच्या तोंडाकडच्या लाकडातून येतात. तोंड खोडाच्या केंद्राकडे ठेवलं तर आतले सगळे वाडगे केंद्राजवळच्या लाकडाचे होतात आणि तेच आधी तडकतात. आता त्या बाजूचा 20 मिमीचा थर आधीच कापून टाकतो. तेव्हापासून लहान वाडगे तडकणं जवळजवळ थांबलंय.

वाळवणीत नवीन काही नाही. कातल्याबरोबर तंतूंच्या टोकांना मेणाचं इमल्शन, मग कागदी पिशवी, बुडावर पेन्सिलने वजन आणि तारीख. लाकडातली ओल 30 टक्क्यांच्या खाली उतरली की ते आकसायला लागतं, आणि वाढवलयांच्या दिशेने, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो. लहान वाडगे तीन महिन्यांत स्थिर झाले, 280 चे पाचव्या महिन्यात. मग पुन्हा चकवर, दुसरी कातणी. एकाच ठोकळ्यातले तिघे एकात एक ठेवले की रेषा एकापासून दुसऱ्यात सलग जाताना दिसते. ते बघण्यासाठी मी एवढी वाट आनंदाने बघतो.

हे काम नवं नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. इंग्लंडमध्ये बकलबरी कॉमन इथे जॉर्ज लेली पायाने चालवायच्या लेथवर, स्वतः घडवलेल्या आकड्यासारख्या हत्यारांनी एल्म झाडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचे. ते 1958 साली गेले. त्यांचा लेथ रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात आहे.

संचाबद्दल तक्रार एकच, पात्याच्या टोकाबद्दलची. पाच-सहा ठोकळ्यांनंतर धार जाते आणि बोथट टोक कापण्याऐवजी घासतं. वरच्या बाजूला हिऱ्याच्या पट्टीचे चार हात मारले की काम होतं, पण ते दर दुसऱ्या ठोकळ्याला करावं. खांबाचे बोल्टही दर वेळी तपासावे लागतात.

तुमचा लेथ दीड हॉर्सपॉवरपेक्षा कमी असेल किंवा त्यावर 300 मिमीचा ठोकळा फिरत नसेल, तर थांबा. लहान ठोकळ्यात भिंत, काप आणि बूड वजा जाता आत फारसं उरतच नाही. लेथ दमदार असेल आणि ओलं लाकूड नियमित मिळत असेल, तर घ्या. पहिले तीन-चार ठोकळे साध्या लाकडाचे लावा, रेषांचं चांगलं लाकूड बाजूला राहू दे. माझ्याकडचं सगळ्यात मोठं पातं मी सहाव्या महिन्यात प्रथम वापरलं, तोवर मधल्यावरच हात बसवला होता.