श्रावणबाळ निवृत्तिवेतन : रक्कम ठीक, अट जाचक

६५ वर्षांवरील निराधारांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले, आणि बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे दिवाळीनंतर मुले-सुना ऊसतोडीला गेल्यावर घरी म्हातारी माणसे आणि नातवंडेच उरतात, तिथे हा पैसा जाणवतो. रक्तदाबाच्या गोळ्या येतात, आणि पगार येणार हे ठाऊक असल्याने किराणा दुकानदार उधारी नाकारत नाही. (गावात या अनुदानाला पगारच म्हणतात.)

खरी अडचण कुटुंबाच्या वार्षिक २१,००० रुपये उत्पन्नमर्यादेची आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. प्रामाणिकपणे हिशोब मांडला तर मजुरी करणारे एखादेच घर त्यात बसेल. त्यामुळे दाखला ज्याला मिळवता येतो त्याला पगार सुरू होतो, आणि तलाठ्याकडे खेटे घालण्याचे त्राण नसलेली गरीब विधवा बाहेर राहते. मॉरिशसने १९५८ पासून सर्व वृद्धांना, नेपाळने १९९५ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न तपासता निवृत्तिवेतन दिले. तिथे वयाचा पुरावाच मुख्य होता.

वाटपाची सेवा मात्र मध्यम दर्जाची आहे. आमच्याकडच्या केंद्रावर खुरपणीने रेषा झिजलेला अंगठा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा यंत्रावर दाबावा लागतो, आणि तरीही जुळला नाही तर आजीबाईंना ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळते.