वरच्या मजल्यावरची शिवणकामाची खोली: संक्रांतीपासून गौरीपर्यंत वापरून

घाईत असणाऱ्यांसाठी आधी निकाल सांगून टाकते. घरात शिवण-क्राफ्टसाठी खोली करायची असेल तर पैसे टेबलावर आणि उजेडावर घाला. सामान ठेवायची सोय जुन्या खोक्या-डब्यांत भागते. आणि व्हिडिओत दिसतात तशा उघड्या फळ्या, रंगीत रिळांनी सजवलेल्या भिंती सोलापुरात करू नका. करायच्याच असतील तर रोज फडकं मारायला माणूस ठेवा.

आता सविस्तर. माझं काम म्हणजे बाळंतविडा: कुंच्या, झबली, टोपडी, दुपटी. लग्नसराईत रुखवताच्या वस्तू आणि मधल्या काळात गोधड्या. पूर्वी हे सगळं हॉलमधल्या दिवाणावर चालायचं. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. वर १० बाय ११ ची खोली. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि ती रिकामी झाली, म्हणून गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वराची जत्रा, सुरू व्हायच्या सुमारास ती लावून घेतली. त्यानंतर अख्खा उन्हाळा, पाऊस आणि गौरी-गणपतीची धांदल या खोलीने बघितली आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

टेबलापासून सुरुवात करते. शिलाई मशीन तिच्या स्वतःच्या टेबलावर आहे, त्याची उंची ३० इंचांच्या आतबाहेर, बसून काम करायला ठीक. बेतायचं टेबल मात्र वेगळं हवं आणि उंच हवं. सुतार अडून बसला होता, "टेबल म्हटलं की तीस इंच, वहिनी, सगळीकडे तेच असतंय." त्याला म्हटलं, मग स्वयंपाकाचा ओटा तीस इंचांवर का नाही बांधत? उभं राहून काम करायचं तर हात कोपरातून थोडे खाली झुकले पाहिजेत, कंबर नाही. माझी उंची सव्वापाच फुटांच्या आत आहे, मला ३५ इंच बरोबर बसलं. उंच बाईला ३६-३७ लागेल. ओट्याजवळ उभं राहून कणीक मळून बघा, त्याच्यापेक्षा दोन इंच वर धरा, हिशेब होऊन जातो. इतके महिने झाले, कुंच्यांच्या गठ्ठ्यानंतर कंबरेला शेक घ्यायची वेळ आलेली नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही खोली पुन्हा करेन.

वरची फळी म्हणजे फ्लश डोअर, ७ फूट बाय ३ फूट. प्लायवूडचं टेबल करून घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, मध्ये झोल येत नाही. खाली दोन्ही टोकांना जुनी बुटकी लोखंडी कपाटं, त्यावर उंचीपुरत्या लाकडी पट्ट्या आणि रबराचे तुकडे. दार नुसतं ठेवलंय, खिळे नाहीत, म्हणजे उद्या खोली बदलली तर दोन माणसं उचलून नेतील. ४४ इंच पन्ह्याचं कापड दुहेरी घातलं की २२ होतं, ५८ चं २९. दोन्ही ३६ इंचांत बसून कात्रीला जागा उरते. गोधडी मात्र नाही बसत. सिंगल गोधडी ६० बाय ९० इंचांची, ती आजही फरशीवरच अंथरावी लागते आणि गुडघे त्याची आठवण ठेवतात. एवढं मोठं टेबल या खोलीत मावणारच नाही, त्यामुळे ते टेबलाचं अपयश मी धरत नाही.

सनमायका पांढरा, साधा, मॅट. लाकडाच्या रेघा असलेला घेऊ नका, त्यावर टाचणी पडली की डोळ्याला सापडत नाही, हाताला सापडते. चकचकीत घेतला तर ट्यूबचा उजेड उलटा डोळ्यांत येतो.

उजेडाबद्दल दुकानदार फक्त वॉट सांगतात. खोक्यावरचे बाकीचे आकडे वाचा. २० वॉटची एलईडी पट्टी साधारण २००० ल्यूमेन देते, अशा दोन लावल्यात, टेबलाच्या दोन्ही लांब बाजूंना वर. एकच मधोमध लावली की वाकल्यावर आपल्याच डोक्याची सावली कात्रीवर पडते. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश सगळीकडे मिळतो, पण त्यात मरून आणि चॉकलेटी, काळा आणि नेव्ही ब्लू यांची गल्लत होते. ४००० केल्विन जरा शोधावा लागतो. त्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेलं मिळालं तर थोडे जास्त पैसे देऊन घ्या. मला एकच मिळाली, दुसरी ८० ची आहे, आणि रिळं जुळवताना मी आपोआप पहिल्या पट्टीखाली जाते. यावरून काय ते समजा. मशीनच्या सुईजवळ चुंबकाने चिकटणारा छोटा दिवा आहे, तोही चांगला टिकला.

विजेचं एक. इस्त्रीला वेगळा पॉइंट काढून घ्या. शिलाईची मोटर शंभर वॉटच्या आसपास असते, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर आरामात चालते. इस्त्री हजार वॉटची, ती चुकून त्याच लाइनवर गेली की इन्व्हर्टर किंचाळायला लागतो.

आता उन्हाळा, कारण बाहेरच्या कुठल्याही सल्ल्यात हा भाग नसतो. वर थेट स्लॅब, खिडकी पश्चिमेला, पारा ४२-४३ वर. दुपार वाईट जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण वरच्या मजल्यावर खरी परीक्षा संध्याकाळी. दिवसभर तापलेला स्लॅब सातनंतर उष्णता सोडायला लागतो आणि गार वाऱ्याच्या वेळेला खोली भट्टी होते. मार्चअखेर गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला, त्याने फरक पडला, पण खोली थंड झाली असं नाही, सहन होऊ लागली इतकंच. एप्रिल-मेमध्ये मी पहाटे साडेपाच ते अकरा काम करते आणि मग खोलीला कडी घालते.

लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत! रुखवताला ग्लू गन लागतेच, आणि तिच्या काड्या बरणीत एकमेकींना चिकटून बसल्या. त्या आता खाली जिन्याखालच्या कपाटात असतात. दुहेरी चिकटपट्टीने लावलेले हुक एप्रिलमध्ये डिस्टेंपरच्या पापुद्र्यासकट खाली आले. कटिंग मॅट, ती हिरवी चौकटींची, खिडकीजवळ उभी ठेवलेली होती. जानेवारीत तिथे ऊन यायचं नाही, मेमध्ये यायला लागलं आणि मॅट वाकली. सपाट टेबलावर वजनाखाली ठेवून बऱ्यापैकी सरळ झाली, एक कोपरा अजून उचलतो. ही मॅट आडवीच ठेवायची आणि तिच्यावर गरम इस्त्री टेकवायची नाही, बाकी तिच्याबद्दल तक्रार नाही.

कूलरने जीव वाचतो, कारण आपल्याकडची हवा कोरडी. पण कूलर चालायचा तर खिडकी उघडी हवी, खिडकी उघडली की धूळ, आणि कूलरची ओल वेगळीच. क्विलिंगच्या कागदी पट्ट्या मऊ पडून नीट गुंडाळल्या जाईनात. सुयांवर तांबूस ठिपके दिसले. सुया आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, सोबत औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. कागदही झाकणाच्या डब्यातच. पंख्याबद्दल सांगायचं तर छताचा पंखा बेतलेले तुकडे उडवतो, म्हणून बेतताना बंद आणि टेबलाखालून पायांवर छोटा पंखा चालू. हे फार बरं पडलं.

सामानासाठी दुकानांत असतो तसला स्लॉटेड अँगलचा रॅक घेतला, पाच फळ्यांचा, जुन्या बाजारातून. दिसायला गोदाम. पण फळ्या हव्या तशा वर-खाली करता येतात आणि वाळवी लोखंडाकडे ढुंकून बघत नाही. धुळीसाठी समोर पडदा हवा होता. साधा पडदा पंख्याने फडफडत राहतो, म्हणून घरातली जुनी डबलची सोलापुरी चादर लावली. ती जड आहे, जागची हलत नाही आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतकी मऊ झालीय की सरकवायलाही सोपी. (इथल्या मागावरची, खरी. भौगोलिक मानांकन मिळूनही पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपवतात ते सोडा.) कापडं सारख्या मापाच्या पुठ्ठ्यांवर गुंडाळून पुस्तकांसारखी उभी लावलीत. एक काढलं तर वरचा ढीग कोसळत नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकतात, पण तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ मला तो वास नको, मी वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवते आणि महिन्याकाठी कापडं उघडून झटकते. झटकण्याला पर्याय मला तरी सापडला नाही.

कापडाची खरी विभागणी आमच्याकडे रंगावर नाही, पाण्यावर आहे. बाळाचं कापड बेतायच्या आधी धुवावंच लागतं, सुती कापड आटतं आणि रंगही सोडतं. नळाला पाणी रोज नसतं, मध्ये काही दिवस जातात. म्हणून दोन मोठ्या पिशव्या: एक धुतलेल्याची, एक न धुतलेल्याची. पाण्याच्या दिवशी दुसरी पिशवी खाली जाते, संध्याकाळी पहिलीत येते. ऑर्डर घेताना मी आता आधी पाण्याची पाळी मोजते, मग तारीख सांगते.

कातरणाचंही तसंच. गणवेश शिवणारे कारखाने इथे ढिगाने, कातरण किलोवर मिळतं. पण गणवेशाचं टेरीकॉट गोधडीला घेऊ नका, हातसुईला जड जातं आणि अंगाला उबत नाही, उकडतं. टॉवेलच्या काठांचे तुकडे आतल्या थराला उत्तम. माझ्याकडे तुकड्यांचे तीनच डबे आहेत, तळहाताएवढे, त्याहून मोठे, आणि नुसत्या पट्ट्या. रंगांप्रमाणे लावत बसलं की लावणंच होतं, शिवणं होत नाही. डबे म्हणजे ते तेलाचे १५ किलोचे, पत्र्याचे, वरचा पत्रा कापून कडा ठोकून घेतलेले. घोटीव कागदाच्या गुंडाळ्याही त्यातच उभ्या राहतात.

भोकांचा पेगबोर्ड घेतला होता. कात्री उचलली की तिच्याबरोबर हुकही हातात येतो. त्यावर आता फक्त पट्ट्या आणि फ्रेंच कर्व्ह, म्हणजे गोलाई आखायची पट्टी. प्लास्टिकच्या ड्रॉवरचा मनोरा लेस-नाड्यांना चालतो, बटणं भरली की खण मधोमध वाकतो आणि अडकतो. बटणं काचेच्या बरण्यांत बरी.

आणि या खोलीतली मला सगळ्यात आवडलेली वस्तू फुकटातली आहे, साडीची खोकी. नवी पेठेत साडी घेतली की मिळतात ती, चपटी, झाकणाची. एका कामाला एक खोकं. बेतलेले तुकडे, त्याच रंगाचं रीळ, लागणारी लेस, माप लिहिलेला कागद, सगळं आत, आणि वर चिठ्ठी: "कुंची, निळी, नाडी बाकी." मशीनच्या डाव्या हाताला अशी खोकी एकावर एक. बाईची कामं तुकड्या-तुकड्यांत होतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा पूर्वी "कुठे ठेवलं होतं" यात जायची. दिवाणावर काम करताना प्रत्येक वेळी गुंडाळा आणि प्रत्येक वेळी मांडा. आता अर्ध्यावर सोडलेली शिवण तशीच सुईखाली राहते, खाली जाऊन भाजीला फोडणी देऊन येते आणि पुढचा टाका तिथूनच. खोलीचा फायदा म्हणून लोक जागा सांगतात, मी हे सांगेन. सात-आठ खोक्यांच्या वर मात्र थर जाऊ देत नाही, गेला की नवीन काम घ्यायचं नाही असं ठरवलंय. गौरीच्या आधी हा नियम मोडला होता, तेवढं चालायचंच.

सासूबाईंचा या खोलीवर आक्षेप होता. "काय करलालीस गं दिवसभर वर? खाली तरी दिसत होतीस." त्यांचं म्हणणं खोटं नाही. खोली वेगळी झाली की माणूस घरातून थोडं उणं होतं. म्हणून हातशिलाई, काज-बटण, विणकाम यांची टोपली मी खालीच ठेवली आहे. संध्याकाळी वर तसंही बसवत नाही, तेव्हा ते काम त्यांच्याजवळ बसून होतं, आणि काजं त्याच माझ्यापेक्षा सुबक करतात.

कुणी करू नये, तेही सांगते. फक्त भरतकाम किंवा क्रोशा करणारीला खोलीची गरज नाही, चांगली खुर्ची आणि चांगला दिवा पुरे. ज्यांची खोली पाहुण्यांसाठीही लागते त्यांनी टेबल घडीचं घ्यावं. आमच्याकडे सणाला कुणी वर झोपलं की फ्लश डोअरखाली गाद्या सरकवाव्या लागतात आणि टाचण्यांसाठी फरशीवरून चुंबक फिरवावा लागतो. तरीही पाहुण्यांच्या लहान मुलांना वर पाठवत नाही.

खर्च म्हणाल तर टेबल, रॅक, दिवे, वायरिंग आणि गच्चीचा रंग मिळून वीस हजारांच्या आत. त्यात सगळ्यात जास्त रंगाला गेले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, इस्त्री. उभं इस्त्री-टेबल घेतलं तर दार उघडत नाही, बेतायच्या टेबलावर घोंगडी अंथरून केली तर सनमायकाला ऊब लागते आणि प्रत्येक वेळी मांडामांड. सध्या भिंतीवरची मोकळी जागा मोजतेय, तिथे बिजागरीने टांगलेली फळी बसेल असं सुताराचं म्हणणं आहे. उंची यावेळी त्याने आपणहून विचारली.